रात्रपाळीची पाल

पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि चाकण या औद्योगिक भागात दिवस मावळला, तरी काम थांबत नाही. पहिल्या पाळीचे कामगार घरी परतलेले असतात, दुसऱ्या पाळीचे कामगार यंत्रांपाशी उभे असतात, आणि तिसऱ्या पाळीचे कामगार डबा भरून निघण्याच्या तयारीला लागतात. नेमक्या याच सुमारास त्यांच्या घरांच्या भिंतींवर आणखी एक कामकरीण आपली रात्रपाळी सुरू करते. तिला ना गणवेश, ना हजेरीपत्रक. दिवसभर ती घड्याळाच्या पाठीमागे, तसबिरीच्या आड किंवा छताच्या एखाद्या फटीत दडून बसलेली असते. दिवा लागला, की हळूच डोके बाहेर काढते, चोहोकडे पाहते आणि सरसर चालत दिव्यापाशी येऊन बसते. ही कामकरीण म्हणजे आपली घरातली पाल.

या भागातील कारखान्यांत देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे कामाला आली आहेत. पाल मात्र सर्वांच्याच ओळखीची. मराठवाड्यातून आलेला कामगार तिला पाल म्हणतो, उत्तर प्रदेशातून आलेला छिपकली म्हणतो, गुजरातेतील गरोळी म्हणतो, कर्नाटकातील हल्ली म्हणतो, तमिळनाडूतील पल्ली म्हणतो, आणि बंगालमधील कामगार तिला टिकटिकी या नावाने ओळखतो. नावे निराळी, पण ती दिसताच अंग चोरण्याची रीत मात्र सगळीकडे सारखीच! कोणी किंचाळते, कोणी झाडू उचलते. एवढ्या जुन्या शेजारणीकडे आपण कधी नीट पाहिलेलेच नसते.

मुलांनो, एखाद्या संध्याकाळी झाडू बाजूला ठेवून तिच्याकडे शांतपणे पाहा. तिच्या वागण्यात इतक्या गमती आहेत, की एखाद्या विदूषकाचा खेळ पाहत आहोत, असे तुम्हांला वाटेल. परंतु ही पाल आपले मनोरंजन करण्यासाठी काहीच करीत नाही. तिच्या प्रत्येक गमतीमागे तिच्या जगण्याची एखादी गरज लपलेली असते. ती गरज ओळखली, की गंमत अधिकच वाढते आणि भीती आपोआप कमी होते.

प्रथम तिची शिकार पाहू. दिव्याच्या उजेडाकडे चिलटे, पाखरे आणि पंखवाले कीटक धाव घेतात, हे पालीने हेरलेले असते. म्हणून ती कीटकांच्या मागे वणवण न करता दिव्याजवळच दबा धरते. एखादा पतंग येऊन बसला, की ती एक पाऊल टाकते आणि थांबते. पुन्हा एक पाऊल टाकते आणि थांबते. त्या वेळी तिची ऐट थेट मांजरीसारखी असते. अंतर पुरेसे कमी झाले, की एकच झडप! पतंग मोठा असला, तर त्याचे पंख तिच्या तोंडाबाहेर दोन्ही बाजूंना फडफडत राहतात आणि पालीला झुपकेदार मिशा फुटल्यासारखे दिसते. मग ती डोके झटकून तो घास थोडाथोडा आत ढकलते.

दिव्याजवळची जागा मोक्याची, त्यामुळे तिच्यासाठी भांडणेही होतात. दुसरी पाल जवळ येऊ लागली, की पहिली शेपटी हलवून तिला ताकीद देते. तेवढ्याने भागले नाही, तर पाठलाग सुरू होतो आणि धाकटीला भिंतीच्या कोपऱ्यात माघार घ्यावी लागते. याच भांडणात, किंवा आपल्या जोडीदाराला साद घालताना, काही जातींच्या पाली ‘चुक्‌ चुक्‌ चुक्‌’ असा आवाज काढतात. आपल्या पूर्वजांनी तो आवाज लक्षपूर्वक ऐकला आणि भाषेला एक सुंदर वाक्प्रचार दिला : मनात शंकेची पाल चुकचुकली. मात्र त्याचबरोबर पालीच्या आवाजाला लोकांनी शकुन-अपशकुनही जोडले. पाल अंगाच्या कोणत्या भागावर पडली असता कोणते फळ मिळते, याची कोष्टके आपल्या पंचांगांत छापली जात आली आहेत. खरे पाहता पालीला आपल्या भविष्याची काहीच वार्ता नसते. ‘ही जागा माझी आहे, दूर हो,’ एवढेच ती दुसऱ्या पालीला सांगत असते.

आता तिच्या डोळ्यांची गंमत पाहा. मध्येच ती जीभ बाहेर काढते आणि खुशाल आपलाच डोळा चाटते! हा चाळा नव्हे. आपल्याला पापण्या आहेत. डोळ्यांत धूळ गेली, की आपण पापण्यांची उघडझाप करतो. घरातल्या पालीला मिटता येतील अशा पापण्या नसतात. तिच्या डोळ्यांवर एक पारदर्शक आवरण असते. चष्म्याची काच आपण रुमालाने पुसतो, तशी ती हे आवरण जिभेने पुसते. या डोळ्यांचे सामर्थ्यही मोठे आहे. अंधूक चांदण्यात आपल्याला सर्व वस्तू करड्या दिसतात. लाल कोणती आणि हिरवी कोणती, ते कळत नाही. स्वीडनमधील लुंड विद्यापीठातील लीना रोथ आणि आल्मूट केल्बर या दोन संशोधिकांनी २००४ साली प्रयोग करून दाखवले, की एका जातीची निशाचर पाल तेवढ्या मंद प्रकाशातही रंग ओळखू शकते. रात्रपाळी करणाऱ्याला असेच डोळे हवेत!

परंतु पालीचे सर्वांत मोठे नवल तिच्या पायांत आहे. ती गुळगुळीत काचेवर चढते, छतावर उलटी चालते आणि तेथेच निवांत विसावते. हे नवल फार प्राचीन काळीच माणसाच्या नजरेस आले होते. सुमारे २,३०० वर्षांपूर्वी होऊन गेलेला ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने सुतारपक्ष्याचे वर्णन करताना म्हटले आहे, की हा पक्षी पालीप्रमाणे खाली डोके करूनही झाडावर धावू शकतो. पण पाल हे कसे करते? कोणी म्हणत, तिच्या पायांना डिंकासारखा चिकट पदार्थ असेल. कोणी म्हणत, तिचे तळवे हवा ओढून भिंतीला धरत असतील. या दोन्ही समजुती चुकीच्या ठरल्या.

पालीच्या बोटांखाली आडव्या पट्ट्या असतात आणि त्या पट्ट्यांवर अतिसूक्ष्म केस असतात. टोके नावाच्या मोठ्या पालीच्या एका पायावर असे सुमारे ५ लाख केस आढळतात. हा एकेक केस आपल्या डोक्यावरील केसाच्या सुमारे एक दशांश जाडीचा असतो, आणि त्याच्या टोकाला पुन्हा शेकडो फाटे फुटलेले असतात. हे फाटे भिंतीच्या इतके निकट जातात, की भिंतीचे कण आणि पायाचे कण एकमेकांना खेचू लागतात. या सूक्ष्म आकर्षणाला व्हॅन डर वाल्स या डच शास्त्रज्ञाचे नाव दिलेले आहे. त्याला १९१० साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. अमेरिकेतील केलर ऑटम, रॉबर्ट फुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली पालीच्या एकेका केसाचे बळ मोजले आणि २००२ साली दाखवून दिले, की पालीची पकड याच आकर्षणामुळे बसते. एका केसाचे बळ अगदी थोडे. पण लाखो केस एकत्र आले, की पालीचे सारे वजन सहज पेलले जाते. एकीचे बळ म्हणतात, ते हेच!

मग पाय भिंतीलाच चिकटून बसत नाही का? नाही. पाय उचलताना पाल आपली बोटे टोकाकडून वर गुंडाळते. त्यामुळे केसांचा कोन बदलतो आणि पकड क्षणार्धात सुटते. धुळीचाही तिला फारसा त्रास होत नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पालींच्या पायांना मुद्दाम सूक्ष्म धूळ लावली, तेव्हा स्वच्छ काचेवर काही पावले चालताच ती धूळ झडून पकड पुन्हा बसू लागली. तिची फजिती होते ती मात्र टेफ्लॉनवर. न चिकटणाऱ्या तव्यांना ज्या पदार्थाचा लेप असतो, तो हाच. अशा कोरड्या पृष्ठभागावर तिचे पाय घसरतात.

या पायांपासून माणसानेही धडा घेतला. इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाईम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली पालीच्या पायासारखी सूक्ष्म केसांची चिकटपट्टी तयार केली. डिंक न लावता चिकटणारी आणि खूण न ठेवता सुटणारी अशी ही कल्पना होती. कारखान्यांतील यंत्रमानवांना काचेसारख्या नाजूक वस्तू अलगद उचलता याव्यात, म्हणून आज अशा पट्ट्यांवर जगभर संशोधन चालू आहे. चाकणच्या कारखान्यांत मोटारी बनवणाऱ्या अभियंत्याला जे कोडे सोडवण्यासाठी प्रयोगशाळा लागते, त्याचे उत्तर त्याच्या घरच्या भिंतीवर रोज रात्री चालत असते!

इतकी पकड असूनही पाल कधीकधी खाली पडतेच. मात्र तिचे पडणेही पाहण्यासारखे असते. आग्नेय आशियातील चपट्या शेपटीच्या घरपालीचे अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केले. पाल उताणी खाली पडू लागली, की शेपटी गर्रकन फिरवून सुमारे एक दशांश सेकंदात पालथी होते, असे त्यांना २००८ साली आढळले. भिंतीवर पाय निसटला, तर ती शेपटीच भिंतीला टेकवून तोल सावरते. म्हणजे शेपटी हा तिचा जणू पाचवा पाय आहे.

हाच पाचवा पाय ती प्रसंगी शत्रूला देऊन टाकते. मांजराने झडप घातली, की शेपटी गळून पडते आणि जमिनीवर वळवळत राहते. मांजर त्या तमाशाकडे पाहत राहते आणि पाल निसटते. काही आठवड्यांनी तिला नवी शेपटी फुटते. परंतु तीत पहिल्यासारखे मणके नसतात, केवळ कूर्चेची नळी असते. शेपटीत पाल चरबी साठवून ठेवते, म्हणून शेपटी गमावणे म्हणजे घरात जपून ठेवलेले धान्य गमावण्यासारखेच आहे. मौजेखातर पालीची शेपटी तोडणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवले पाहिजे.

कात टाकतानाही पाल काटकसर सोडत नाही. जुनी त्वचा सैल झाली, की मोजा काढावा तशी ती तोंडाने ओढून काढते आणि चक्क खाऊन टाकते! जुना सदरा खाऊन नवा घालणारा प्राणी तुम्ही दुसरा कोणता पाहिला आहे का?

पालीच्या या लीला पाहून युरोप-अमेरिकेतील अनेक हौशी लोकांनी पाली पाळण्यास प्रारंभ केला. त्यांची विशेष आवडती पाल म्हणजे अंगावर बिबट्यासारखे ठिपके असणारी पाल. आपण तिला बिबटी पाल म्हणू. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारत हा तिचा मूळ प्रदेश. पाळणाऱ्यांना ती हसरी वाटते, कारण तिच्या तोंडाची ठेवणच तशी आहे; ती आनंदाने हसत असते, असे मात्र नव्हे. घरपालीला नसलेल्या पापण्या हिला असतात आणि ती डोळे मिटून झोपते. घरपालीला असलेल्या चिकट पट्ट्या हिच्या बोटांखाली नसतात. म्हणून काचेच्या पेटीत ठेवली, तरी ती भिंत चढून पळत नाही. किडा समोर आला, की ती आधी शेपटीचे टोक थरथरवते आणि मग झडप घालते. शौचासाठी ती पेटीतील एकच कोपरा ठरवून ठेवते, हे पाहून तिचे धनी फार खूश होतात.

या पालींची पैदास करणाऱ्याला एक तापमापक नेहमी जवळ ठेवावा लागतो. याचे कारण मोठे विलक्षण आहे. बिबट्या पालीच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हे अंड्याला मिळणाऱ्या उबेवर ठरते. सुमारे २६ अंश सेल्सिअस तापमानात ठेवलेल्या अंड्यांतून माद्या निघतात. ३२ ते ३३ अंशांच्या सुमारास बहुतेक नर निघतात. आणि ३४ अंशांच्या आसपास पुन्हा बहुतेक माद्याच निघतात. छंद म्हणून घरी आणलेला प्राणीसुद्धा नीट सांभाळायचा, तर त्याचे शास्त्र शिकावे लागते, ते असे.

या बिबट्या पालीची भावंडे आपल्या महाराष्ट्रातही आहेत. सातपुड्यातील एका जातीला तर शास्त्रज्ञांनी २०१४ साली सातपुड्याचेच नाव दिले. ठिपक्यांची ही पाल रात्री जमिनीवरून संथपणे चालते. काही ठिकाणी लोक तिला अत्यंत विषारी समजून दिसताक्षणी ठेचतात. किती हा उलटा न्याय! एकीकडे तिच्या चुलत बहिणीला दूरदेशी लोक हातावर घेऊन खेळवतात, आणि दुसरीकडे तिच्या मायभूमीत तिला दगड मिळतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कोणतीही पाल विषारी नाही. पाल पडलेले अन्न खाऊ नये, हे खरे आहे; पण त्याचे कारण विष नव्हे. पालीच्या अंगावर आणि विष्ठेत रोगजंतू असू शकतात, आणि त्यांमुळे पोट बिघडते. म्हणून अन्न झाकून ठेवावे, ओटा स्वच्छ ठेवावा आणि पालीला स्पर्श झाला तर हात साबणाने धुवावेत. एवढी काळजी घेतली, की तिला मारण्याचे काहीच कारण उरत नाही.

भीतीने जसे पालींचे प्राण जातात, तसेच लोभानेही जातात. ईशान्य भारतातील आणि आग्नेय आशियातील टोके पालीपासून दुर्धर रोगांवर औषध बनते, अशी अफवा पसरली आणि तिला पकडून चोरून विकण्याचा धंदा सुरू झाला. या समजुतीला शास्त्राचा कोणताही आधार नाही. शेवटी २०१९ साली या पालीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण घालावे लागले. आपल्या देशातही वन्य प्राण्यांना पकडणे, बाळगणे आणि विकणे यांवर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निर्बंध घातलेले आहेत. म्हणून रानातली पाल पेटीत आणून ठेवण्याचा मोह आपण धरू नये. तसे करण्याची गरजही नाही. परदेशातील हौशी माणूस पैसे मोजून जी गंमत विकत घेतो, ती आपल्या भिंतीवर फुकट चालू आहे.

आणि या गमतीतून पुढे मोठे ज्ञानही जन्म घेते. चाकणवरून जाणारा पुणे-नाशिक रस्ता धरून उत्तरेस गेले, की नारायणगावाजवळून जुन्नरकडे जाता येते. जुन्नरच्या पलीकडे नाणेघाटाच्या वाटेवर घाटघर हे गाव आहे. या परिसरातील खडकांवर राहणारी एक मोठी पाल आजवर शास्त्राला अज्ञात असलेल्या जातीची आहे, हे वरद गिरी या महाराष्ट्रातील संशोधकाने ओळखले आणि २००८ साली तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी साताऱ्याजवळील पठारावरच्या एका पालीचेही वर्णन झाले आणि तिच्या शास्त्रीय नावात साताऱ्याचे नाव गुंफले गेले. या पाली त्या खडकांवर पूर्वीपासूनच होत्या. शेकडो वाटसरूंनी त्या पाहिल्याही असतील. परंतु ‘पालच तर आहे’ असे म्हणून सर्व पुढे गेले. एकजण थांबला, त्याने बोटांखालील पट्ट्या मोजल्या, पाठीवरील खवले निरखले, आणि जगाच्या ज्ञानात एका नव्या नावाची भर पडली.

आज रात्री तुमच्या घरातला दिवा लागेल, तेव्हा रात्रपाळीची कामकरीण नेहमीप्रमाणे कामावर येईल. ती डासांना, पाखरांना आणि झुरळांच्या पिलांना टिपेल, मध्येच डोळा पुसेल, दुसरीला दटावेल. वही-पेन्सिल घेऊन थोडे दूर बसा आणि तिने तासाभरात काय काय केले, ते लिहून काढा.

स्वाध्याय

१. पाल दिव्याजवळच का बसते?
२. घरातली पाल स्वतःचा डोळा का चाटते? बिबट्या पालीला तसे करण्याची गरज का पडत नसेल?
३. ‘एकीचे बळ’ हे शब्द लेखकाने पालीच्या पायांबद्दल का वापरले आहेत?
४. पाल पडलेले अन्न का खाऊ नये? या बाबतीत लोकांची समजूत कोणती, आणि खरे कारण कोणते?
५. ‘शंकेची पाल चुकचुकणे’ या वाक्प्रचाराचा स्वतःच्या वाक्यात उपयोग करा.
६. तुमच्या शेजारी इतर भाषा बोलणारी कुटुंबे असतील, तर ती पालीला काय म्हणतात, ते विचारून यादी करा.